झोपेचा अर्ज

आमच्या घरात दुपारच्या जेवणापासून चहाचं आधण ठेवीपर्यंत कुणी मेलं असतं तरी रडायची सोय नव्हती. त्या वेळात मामंजी झोपलेले असत. मामंजी म्हणजे माझे सासरे, दामोदरपंत. सगळं पनवेल त्यांना दामूकाका म्हणे. त्यांच्या झोपेसाठी झोपाळ्याच्या कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, मागच्या दाराची वाजणारी कडी काढून टाकलेली होती आणि विहिरीच्या रहाटाला तेवढा वेळ सुट्टी असे. कौलावर कावळा बसला तर सासूबाई त्याला हातवारे करून उडवत. तोंडाने 'हाड' म्हणायची प्राज्ञा नव्हती.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझ्या हातून पितळी तपेलं निसटलं आणि स्वयंपाकघरभर गडगडत गेलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बघते तर मामंजी दारात उभे! खांद्यावर पंचा, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, झालं, आता आपली रवानगी माहेरी. पण त्यांचा आवाज अगदी मऊ. म्हणाले, "सूनबाई, तपेल्याला पोचा आला तर तांबट काढून देईल. मोडलेल्या झोपेचा पोचा कोण काढणार?" एवढं बोलून ते आत गेले आणि लगेच घोरायलाही लागले. मोडलेली झोप इतक्या झटपट सांधलेली मी तोवर पाहिली नव्हती, पण नव्या नवरीने असलं काही बोलायचं नसतं, म्हणून तपेलं उचललं.

मामंजी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. पेन्शनीत निघाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मामलेदार म्हणाले, "दामोदरपंतांनी कचेरीची शांतता कधी भंगू दिली नाही." हे मामंजी आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. पेन्शनीनंतर माणसं काशीला जातात, पोथी लावतात, नाहीतर सुनेच्या फोडणीत नाक खुपसतात. आमच्या मामंजींनी लोकांना झोपवायचं मनावर घेतलं.

आता पनवेलात वैद्यांचा काय दुष्काळ होता? गल्लोगल्ली काढे उकळत होते, आसवं मुरत होती. बाजारातून नुसतं चालत गेलं तरी अर्धा रोग वासानेच बरा व्हावा. अशा गावात आणखी एक कशाला, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मामंजींना नाही पडला. "ताप, खोकला, मूळव्याध ही खाती वैद्यांकडे," ते म्हणत. "झोपेचं खातं रिकामं होतं, ते मी घेतलं." त्यांचं शिक्षण काय, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी अनुभव मात्र जबरदस्त होता. सगळी नोकरी त्यातच गेली होती.

कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नव्हती. ओटीवर येऊन कुणी म्हणालं, "काका, झोप लागत नाही हो," की मामंजी डोळे बारीक करून विचारत, "अर्ज कधीपासून तुंबलाय?" मग कपाटातली बरणी निघे आणि चूर्णाची पुडी हातावर पडे. "ही आमची शिफारस. निद्रादेवी आमच्या ओळखीतल्या आहेत. आज रात्री मंजुरी." पैसे घेत नसत, हा एक गुण. पण फुकट म्हटल्यावर ज्याला झोप येते तोही येतो, तसं व्हायला लागलं. आणि कुणी बिचकत विचारलंच, की यानं काही त्रास नाही ना व्हायचा, तर उत्तर ठरलेलं: "अहो, झाडपाल्याचं आहे. झाडपाल्याने अपाय कसला?"

धोतरा झाडालाच लागतो, अफू काही खाणीतून निघत नाही, आणि तंबाखूलाही पानंच असतात, असं मी एकदा भाजी निवडता निवडता सासूबाईंच्या कानाशी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल. झोपलेत."

नाव मामंजींचं आणि मनगट माझं, अशी आमच्या दवाखान्याची वाटणी होती. जटामांसी कुटायची मी. तिचा वास म्हणजे भिजून न वाळलेली घोंगडी. कर्नाळ्याच्या बाजूची एक कातकरीण सर्पगंधेची मुळं घेऊन यायची, तिला तांदूळ नि जुनं लुगडं द्यायचं. ती मुळं इतकी कडू, की नुसती पूड उडाली तरी दिवसभर जिभेवर चढून बसे. कुटून झालं की वस्त्रगाळ करायचं. मामंजी तोवर पडवीत बसून झोपेचं माहात्म्य सांगत. "सूनबाई, ज्याची झोप शाबूत, त्याचं सगळं शाबूत." मी म्हणायची, "हो मामंजी," आणि दुखरं मनगट दुसऱ्या हाताने दाबायची.

पण खोटं कशाला बोलू? गुण येत असे. मला विषमज्वर झाला होता, त्यातून उठल्यावर झोप कुठे निघून गेली कळेना. दिवेलागण झाली की धास्ती बसायची, आता ही रात्र कशी काढू. मामंजींनी मला चूर्णबिर्ण काही दिलं नाही. सासूबाईंना सांगितलं, तिच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी फिरवा आणि कोमट दुधात जायफळाचे दोन वेढे उगाळून द्या, जास्ती नको. सासूबाईंनी माझे पाय मांडीवर घेतले. वाटी फिरायला लागली, तुपाचं काळं कीट निघायला लागलं आणि मला माहेरी असल्यासारखं वाटून रडूच फुटलं. त्या रात्रीपासून मी झोपायला लागले. जायफळाने झोपले की सासूबाईंनी पाय मांडीवर घेतल्याने, ते त्या जायफळालाच ठाऊक. आळीतल्या कितीक म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यांच्या दुधाने नि चूर्णाने चार घटका डोळा लागत असे, आणि त्या मामंजींना तोंड भरून आशीर्वाद देत. तिथेच तर घात झाला. आशीर्वाद मिळायला लागले की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो.

आमचे जावईबापू पुण्याहून आले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी चहाला बसल्याबसल्या म्हणाले, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय डास आहेत हो तुमच्याकडे!" यातलं पहिलं वाक्य मामंजींनी ऐकलं. दुसरं ऐकायच्या आत ते कपाटाशी पोचले होते. जावयाला दोन वेढे काय द्यायचे, म्हणून मानपानाने अख्खं जायफळ उगाळायचा हुकूम मला झाला. मी म्हटलं, "मामंजी, अख्खं?" ते म्हणाले, "जावई आहेत, सूनबाई." दुसऱ्या दिवशी जावईबापूंच्या तोंडाला कोरड, छातीत धडधड, आणि भिंत जवळ येतेय म्हणून ते पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसलेले. मधेच हसत, मधेच आमच्या नणंदेला 'आपण कोण?' म्हणून विचारत. एक मच्छरदाणी लावली असती तर भागलं असतं. मामंजींचं म्हणणं, "पण झोपले की नाही?" झोपले, हो. भिंत मागे गेल्यावर झोपले.

शेजारी एक डॉक्टर राहत. शांत माणूस, मामंजींशी बुद्धिबळ खेळायला येई. त्यांनी ओटीवरच सांगितलं, "काका, जायफळाचं एक वेळ जाऊ द्या. ही सर्पगंधा जपून हं. विलायतेत याच मुळीच्या आता रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्यात. म्हणजे मुळीत दम आहे, आणि दम आहे म्हणूनच भीती आहे. आधीच ज्याचा दाब कमी, तो हे घेऊन उठताना कोलमडेल. कुणाचं मन खचतं. आणि दारूवर घेतलं तर बघायलाच नको." मामंजींनी यातलं काय घ्यावं? संध्याकाळी सगळ्या आळीला सांगितलं, "विलायतेनेसुद्धा आपलं चूर्ण मान्य केलं!"

आणि मग राघो आला.

राघो खाडीकडच्या गावातला, आगरी. अर्ज लिहून घ्यायला म्हणून मामंजींकडे यायचा, येताना वालाच्या शेंगा नाहीतर मिठाची पुरचुंडी आणायचा. रुंद छातीचा, पायांच्या बोटांत कायम चिखल बसलेला माणूस. त्याच्या गावची भातशेती खाडीच्या पातळीपेक्षा खाली. मधे मातीचा लांबच लांब बांध, म्हणून ती शेती. तो बांध राखायचं काम राघोच्या घराण्याकडे होतं. बांधाला खेकडे भोकं पाडतात. उधाणाची भरती चढली की त्या भोकांतून पाणी झिरपायला लागतं. तेव्हाच दिसलं तर चिखलाच्या गोळ्याने बुजतं. नाही दिसलं तर माती ढासळते, बांधाला खांड पडते आणि खारं पाणी शेतात शिरतं. मग अख्खं गाव आडवं झालं तरी ते थांबत नाही. म्हणून भरती दिवसाची असो की रात्रीची, राघो बांधावर. त्याबद्दल घरटी भात मिळे, आणि भातापेक्षा मोठा मान मिळे.

त्या दिवशी राघोचे डोळे लालभडक होते. मामंजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"राघो, अर्ज तुंबलाय वाटतं?"

"कसला अर्ज, काका?"

"झोपेचा रे."

"ती कवा येते मना? जरा डोला मिटला का कानात पानी वाजतं. भरती नसली तरी वाजतं. माझ्या बापाचा पन असाच होता. बांद हाय ना हातात."

एवढं स्वच्छ त्याने सांगितलं. झोप का येत नाही, ते सांगितलं, बापाचा दाखला दिला. पण मामंजी कपाटाकडे वळले होते. "अरे, बांध काय पळून जातोय?" म्हणाले, आणि सर्पगंधेची मोठी पुडी बांधली. रात्री निजताना बोटाच्या पेरावर राहील एवढंच घ्यायचं, कोमट पाण्यातून, हे मात्र त्यांनी त्याला दोनदा सांगितलं. तेवढं श्रेय त्यांचं त्यांना द्यायला हवं.

तो उन्हाळा राघोला फार चांगला गेला. डोळ्यांतली लाली गेली, गालावर मांस आलं. त्याची बायको शेंगा घेऊन आली तेव्हा पदराआड हसून मला म्हणाली, "वयनी, आता मारक्या रेड्यावानी करीत नाय. पोरांशी बोलतो पन." मामंजी तर हवेत. येणाऱ्याजाणाऱ्याला राघोचा दाखला. "चाळीस वर्षांचा तुंबलेला अर्ज, एका पुडीत निकाली!" राघोचं वय त्यांनी कधी विचारलं नव्हतं, पण आकडा बोलायला बरा वाटे.

आषाढ लागला. शेतात लावणी होऊन गेली होती. पुनवेच्या दिवशी दुपारी मामंजी नेहमीप्रमाणे झोपले होते, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि कुणीतरी दार धडाधडा बडवलं. त्या घरात त्या वेळी दार बडवणं म्हणजे काय, हे मी वर सांगितलंच आहे. सासूबाई हात हलवत धावल्या. दारात राघोची बायको, कंबरेपर्यंत चिखल, केस सुटलेले.

"काकांना उठवा!"

"अगं हळू, झोपलेत," सासूबाई कुजबुजल्या.

"आमचं मानूस पन निजलंय!" ती ओरडली. "हलवून हलवून हात दुखले, उठत नाय! बांद फुटला, गाव बोंबलतंय, आनि त्याला डोला उघडवत नाय! उठवा काकांना!"

मामंजींना उठवावं लागलं नाही. ते मागे येऊन उभे होते. मी त्यांना इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं. "काय घेतलंन त्याने?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता अनवाणी शेजारी डॉक्टरांच्या दारात. टांगा आला. सासूबाईंनी मलाही बसवलं. वाटेत बाईच्या तोंडून कळलं ते असं. आदल्या रात्रीच्या भरतीला राघो पावसात बांधावर जागला होता. दुपारची भरती त्याहून मोठी. मधल्या सकाळी घटकाभर पडावं म्हणून त्याने चूर्ण घेतलं. रात्रीची झोप सकाळी उरकायची, तर मात्रा वाढवायला हवी, म्हणून मूठभर घेतलं. कडू लागलं म्हणून वर ताडी प्यायला. दारूबंदी होती, पण ती बाजारात. ताडाच्या झाडाला कोण बंदी करणार?

राघो पडवीत आडवा होता. हातपाय गार, नाडी सापडेना, श्वास अगदी हळू. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाय उंच करायला लावले, गाल थोपटत राहिले. मामंजी कोपऱ्यात उभे होते, ओलं धोतर पायाला चिकटलेलं, आणि ते एकसारखं एकच म्हणत होते, "राघो, ऊठ रे. राघो, ऊठ." मी आल्यापासून त्यांनी कुणाला ऊठ म्हटलेलं ऐकलं नव्हतं. बाहेर माणसं ओरडत होती, पेंढा, चिखल, दगड घेऊन धावत होती. सांजावताना राघोने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "वाचला. आणखी एक पेला चढवला असता तर मी येऊन उपयोग नव्हता."

राघोने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून कान दिला आणि म्हणाला, "पानी आतल्या अंगानं वाजतंय." मग तोंडावर हात घेऊन तो लहान पोरासारखा रडला. हिरवी रोपं उभ्या उभ्या खाऱ्या पाण्यात गेली होती. त्या वर्षीचं भात गेलंच, पण पाऊस मीठ धुऊन काढीपर्यंत पुढचे दोन-तीन हंगामही त्या जमिनीत धड काही पिकलं नाही. झाडपाल्याने अपाय कसला!

गावाने बैठक बोलावली. राघोकडून बांध काढून घ्यायचा, असंच बहुतेकांच्या मनात होतं, आणि ते चुकीचं तरी कसं म्हणावं? मामंजी जायला निघाले. बैठक दुपारची होती, हे मुद्दाम सांगते. आमचे हे कचेरीत, म्हणून सासूबाईंनी पुन्हा मलाच बरोबर धाडलं. म्हणाल्या, "वाटेत झोपले तर?" देवळापुढे पुरुष बसले होते, बाजूला बायका. मी राघोच्या बायकोशेजारी बसले. तिने माझा हात जो धरला तो सोडलाच नाही.

मामंजी उभे राहिले. एरवी पल्लेदार बोलणारा माणूस, त्या दिवशी शब्द तुटत होते. "चूर्ण माझं. तो मला सांगत होता, बांध हातात आहे म्हणून झोप येत नाही. मी ऐकलं नाही. त्याचं जागणं हा रोग नव्हता, ते त्याचं काम होतं, आणि मी त्यावर औषध दिलं. शिक्षा करायची तर मला करा."

राघो ताडकन उठला. "नाय, नाय! काकांनी बोटाच्या पेरावर सांगितला होता, मी मूठभर घेतला. ताडी मी प्यालो. मना वाटला, ती पन झाडाचीच."

"मी ताडीचं सांगायला हवं होतं."

"तुमाला काय म्हाईत ताडी!"

दोघांचं जुंपलं. अपराध ओढून घ्यायला एवढी मारामारी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. शेवटी गावच्या म्हाताऱ्या पाटलाने काठी आपटली. "काका, तुमी कबूल केलात, बरा वाटला. पन कबुलीनं खारं पानी गोडं होतं काय?" पाटील राघोकडे वळला. "राघो, तुजा काय म्हननं?"

"माझ्या बापाचा बांद हाय," राघो म्हणाला. "काय पन करा. मना भात देऊ नका. बांद काढू नका."

म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "बांद राघोकडंच र्‍हाईल. पन आखाड-सरावनात उधानाची दुपार आली का याला जागा ठेवाया कुनीतरी पायजे. ज्यानं निजवला, त्यानंच जागवावा." माणसं खो खो हसली. पेन्शनर बामण, गोरा, पोट सुटलेला, दुपारच्या झोपेसाठी पंचक्रोशीत नावाजलेला. तो येणार बांधावर! म्हाताऱ्याने टोमणाच मारला होता. मामंजींनी तो निकाल म्हणून घेतला. खिशाकडे हात गेला, सहीला पेनच शोधत असावेत, आणि म्हणाले, "मंजूर."

आम्हाला वाटलं, एकदा जातील. पुढच्या अमावास्येला मामंजी जेवले, विडा न खाता उठले, छत्री घेतली आणि टांग्यात बसले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत राहिल्या. नवरा दुपारी घरात नाही, आणि घरात आवाज करायला मोकळीक, तर काय करावं हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी दोन पातेली उगाचच आपटून पाहिली आणि मग आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

त्यानंतर दर वर्षी आषाढ-श्रावणात उधाणाची एकही दुपार चुकली नाही. नारळी पौर्णिमेला मी एकदा त्यांच्यासाठी नारळीभाताचा डबा घेऊन गेले होते. बांधावर दोघं बसलेले. मामंजींच्या डोक्यावर छत्री, राघोच्या डोक्यावर इरलं, पलीकडे खाडी काठोकाठ तटतटलेली. मामंजी जमाबंदीच्या वेळचा कुठलासा किस्सा सांगत होते, मामलेदार, त्यांचा साडू, साडूची घोडी. राघो मला बघून म्हणाला, "वयनी, काकांना सांगा, गोष्टी नको. यांच्या गोष्टींनीच डोला लागतो. उगाच चूर्ण दिला, नुसती गोष्ट सांगितली असती तरी मी निजलो असतो." मामंजी रागावले नाहीत. त्यांची नजर पाण्यावर होती. एकदम उठले, धोतर खोचलं, घसरत खाली गेले आणि एका भोकात चिखलाचा गोळा दाबून वर आले. तोंडावर चिखल, आणि चेहरा असा, की जणू प्रांतसाहेब म्हणून बढती मिळाली असावी. "पाहिलंस, सूनबाई? मला आधी दिसलं. याला नाही!"

चूर्ण त्यांनी सोडलं नाही. छे, एवढं शहाणपण एकदम आलं असतं तर ते आमचे मामंजी कसले! पण बरणी आता उशिरा उघडे. आधी चौकशी, तीही कचेरीतल्यासारखी. दारू पितोस का? ताडी? ताडीही दारूतच धरतो मी. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत? उठताना चक्कर येते? आणि सगळ्यात शेवटी, चष्म्यावरून बघत: "झोप का येत नाही? आणि तू झोपलास तर कुणाचं काय अडेल?" यातच अर्धे अर्ज निकालात निघत. कुणाची मुलगी नांदत नव्हती, कुणी भावाशी बोलत नव्हतं, कुणी दुपारभर झोपून रात्री झोप मागत होतं. यातल्या शेवटच्या माणसाला मात्र ते फार समजून घेत. एक तरणी आई तान्ह्याला निजवायला बाळगोळी मागत आली, म्हणजे तिला कामाला जाता येईल. तिला त्यांनी बसवून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ते रडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय. ऐकून तरी घे. मी एकाचं ऐकलं नव्हतं." आणि तिला डॉक्टरांकडे पाठवलं. गावात बोलवा झाली, की दामूकाकांच्या चूर्णातली ताकद गेली. मामंजी म्हणत, "जाऊ दे."

ते गेले श्रावणातल्या अमावास्येला. पाय थकले होते, तरी सकाळपासून छत्री दाराशी आणून ठेवली होती. जेवण झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, जरा पाठ टेकतो. टांगा आला की हाक मार. झोपायचं नाहीये हं मला." टांगा आला. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग सासूबाई आल्या, त्यांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून खाली बसल्या.

दुपार होती. एवढ्या वर्षांची सवय, आम्ही दोघी रडलो तेही पदर तोंडात कोंबून. हळूहळू आळी जमली. डॉक्टर आले, हे कचेरीतून धावत आले, आणि मग कुणाला आवाज आवरेना. आमची नणंद एव्हाना पुण्याहून शेजारच्याच आळीत राहायला आली होती, ती तर त्यांना गदागदा हलवत हाका मारत होती, "बाबा, उठा हो, बाबा, उठा."

तेवढ्यात अंगणात राघोचा आवाज आला. भरती उतरल्यावर तो तसाच चालत आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. बाहेरूनच ओरडला, "काय काका, आज गैरहजर? साहेबाला कलवू काय?" मग ओसरीवरची माणसं दिसली, आणि तो दारात थांबला. चिखलाचे पाय म्हणून आत येईना. सासूबाईंनीच त्याला हाताने आत बोलावलं. तो मामंजींच्या पायांशी उभा राहिला. मग खाली वाकून त्याने नणंदेचा हात हळूच त्यांच्या खांद्यावरून काढला.

"ताई, नका उठवू त्यांना," तो म्हणाला. "एकच भोक होता, बुजवला मी. निजू द्या. बांदावर मी हाय."